जखम साफ झाली, पण भरली का?

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही, तेव्हा घरचे लोक कुठल्याही नव्या उपचारामागे धावतात. ते साहजिकच आहे. म्हणूनच उपचार पारखायचा कसा, याबद्दलचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

'जखम लाल, स्वच्छ दिसू लागली म्हणजे गुण आला.' ब्रिटनमध्ये पायावरच्या जुन्या व्रणांवर अळ्यांचा उपचार तपासला गेला. २६७ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या जखमेतला सडका थर खातात. मोकळ्या सोडलेल्या अळ्यांनी जखम साधारण १४ दिवसांत साफ झाली, तर जेल लावून त्याला ७२ दिवस लागले. पण पूर्ण भरायला लागलेल्या वेळात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. शिवाय अळ्या लावलेल्यांना वेदनाही जास्त झाल्या. म्हणून चांगल्या चाचणीत 'भरली' या शब्दाची कसोटी कडक असते. वर नवी त्वचा आली पाहिजे, लस पाझरता कामा नये, ड्रेसिंगची गरज उरता कामा नये. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं, तेव्हाही हेच दिसलं पाहिजे.

'नवा उपचार न मिळालेल्यांना वाऱ्यावर सोडतात.' हा समज मला सर्वांत घातक वाटतो. सुक्रोज ऑक्टासल्फेट असलेल्या ड्रेसिंगची चाचणी युरोपातल्या पाच देशांत २४० रुग्णांवर झाली. सगळे मधुमेही, पाय बधिर आणि पायाचा रक्तपुरवठाही कमी झालेला. निम्म्या रुग्णांना तो घटक असलेलं ड्रेसिंग मिळालं, बाकीच्यांना तसंच, पण घटकाविना. कुणाला कुठलं, हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. जखमेची निगा आणि तिच्यावर भार येऊ न देणं मात्र दोन्हीकडे सारखंच होतं. २० आठवड्यांत नव्या ड्रेसिंगच्या गटात ४८ टक्के, तर दुसऱ्या गटात ३० टक्के जखमा भरल्या.

त्या ३० टक्क्यांकडे नीट पाहा. नुसत्या चांगल्या देखभालीनं त्या भरल्या. त्याच पायांना कुणी एखादं मलम चोपडलं असतं, तर सगळं श्रेय मलमाला गेलं असतं आणि गावभर त्याचं नाव झालं असतं. 'शेजारच्या काकांना गुण आला' हा पुरावा म्हणूनच पुरत नाही. आणि नव्या ड्रेसिंगनंही निम्म्याहून अधिक जखमा तेवढ्या काळात भरल्या नव्हत्या, हेही रुग्णाला सांगायलाच हवं.

'चाचणीच्या संमतीपत्रावर सही केली की अडकलो.' असं नाही. कारण न देताही चाचणी केव्हाही सोडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. नव्या औषधाची चाचणी असेल, तर भारतात २०१९च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मान्यता लागते, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही ऑनलाइन पाहता येते. सही करण्याआधी तो नोंदणी क्रमांक मागून घ्या.