हवेचा जीएसएम

खोपोलीतल्या त्या कागद कारखान्यात ड्रायरच्या पुढे एक लोखंडी चौकट उभी आहे. कागद तिच्यातून सपासप धावतो आणि त्याच्या वर-खाली दोन हेड रुंदीभर ये-जा करतात. एकात सीलबंद कुपीतला क्रिप्टॉन-८५ वायू, समोरच्यात डिटेक्टर. क्रिप्टॉनमधून सुटलेले बीटा कण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, जितके जास्त अडतात तितका कागद जड. पडद्यावर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचे ग्रॅम, उमटत राहतात. कर्जतहून लोकलने पाळीला येणारा ऑपरेटर तो आकडा बघून लगद्याचा वॉल्व्ह कमी-जास्त करतो.

बीटा किरणांचं सारं गणित मला या जीएसएममध्येच सापडलं. हे कण जाडी बघत नाहीत, वाटेतलं वजन बघतात. क्रिप्टॉन-८५चे सर्वांत जोरकस कण सुमारे २५०० जीएसएम ओलांडून थांबतात. हवेलाही वजन आहेच: एक सेंटिमीटर हवा म्हणजे १२ जीएसएम. त्यामुळे मोकळ्या हवेत ते दोन मीटरपर्यंत पोचतात आणि जेमतेम सव्वादोन मिलिमीटर ॲक्रिलिकमध्ये जिरतात. स्ट्रॉन्शियम-९०च्या स्रोतात तयार होणाऱ्या इट्रियमचे कण तर हवेत नऊ मीटरच्या आसपास जातात. तिथे चार पावलं मागे सरलं तरी त्यांच्या टप्प्याबाहेर जाता येत नाही.

हेडमधल्या फटीतली हवाही हिशेबात धरावी लागते. ती २० अंशांवरून ६० अंशांवर तापली की विरळ होते आणि सेंटिमीटरमागे जवळजवळ दीड जीएसएम कमी भरते. पातळ कागदाला एवढा फरक चालत नाही, म्हणून यंत्र तापमानाची भरपाई करतं.

“ताई, हिरवा दिवा लागल्याशिवाय फटीत हात घालायचा नाही,” देखभालीच्या तंत्रज्ञाने बजावलं. स्रोतावरचं शटर मिटलं, दिवा हिरवा झाला. तरी त्याने आधी सर्व्हे मीटर फिरवला, मगच स्पॅनर उचलला.

आडोसा म्हणजे शिसं, असं कुणालाही वाटेल. पण इलेक्ट्रॉन जड अणूंपाशी अडला की क्ष-किरण निघतात आणि ते कणांपेक्षा कितीतरी लांब जातात. म्हणून आधी ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियम, त्याच्या बाहेर जड धातू. क्रिप्टॉन थोडे गॅमा किरणही सोडतो, त्यांच्यासाठी तो धातू लागतोच.

तंत्रज्ञाच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज होता. आत तीन चकत्या: एक धातूच्या फिल्टरमागे, एक प्लास्टिकमागे, तिसरी उघडी. बीटाचा माग मुख्यतः या उघड्या चकतीवरून लागतो. बॅज खिशात डायरीमागे राहिला, तर डायरीची पानं कण अडवतात आणि तीन महिन्यांनी येणाऱ्या अहवालात मात्रा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.