देवडीतली येझदी

अक्कलकोटच्या जुन्या वाड्यांत अजूनही देवडीच्या काळोख्या कोपऱ्यात, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला, अंगावर जुने धोतर पांघरून उभी असलेली एखादी मोटारसायकल दृष्टीस पडते. आणि 'ही कोणाची?' असे विचारल्यावर घरातील वडीलधारे माणूस ज्या स्वरात 'आमच्या ह्यांची' म्हणून सांगते, त्या स्वरावरूनच ती विकत मिळेल की नाही याचा अदमास बांधता येतो. मला मिळालेली येझदी अशीच होती. तिच्यावर बसून एका जोडप्याने गाणगापूरच्या कित्येक वाऱ्या केल्या होत्या, आणि यजमान निवर्तल्यावर बारा वर्षे ती जागची हलली नसली, तरी दर खंडेनवमीला तिला झेंडूची माळ चुकली नव्हती. फुले झडून गेलेल्या त्या माळांचे दोरे हॅन्डलच्या मुठीवर एकावर एक तसेच राहिले होते.

ही गाडी मुळात चेकोस्लोव्हाकियाची. तेथील जावा कंपनीच्या परवान्याने म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे त्याच कारखान्याच्या गाड्यांनी येझदी हे नाव धारण केले, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. दोन सायलेन्सर पाहून पुष्कळांना तिचे इंजिन दोन सिलिंडरांचे वाटते. वस्तुतः अडीचशे सीसीचा सिलिंडर एकच, त्यातून धूर बाहेर पडण्याच्या वाटा मात्र दोन. गियरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. टू-स्ट्रोक असल्यामुळे इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्हचा सरंजाम नाही, आणि म्हणूनच तालुक्याच्या गावातील मिस्त्रीही चार पान्यांच्या बळावर असे इंजिन उघडून पुन्हा बांधू शकतो.

परंतु पान्याला हात घालण्यापूर्वी दप्तर तपासावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण मोडलेला भाग बाजारात शोधून मिळतो, हरवलेली मालकी मिळत नाही. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढून चेसिस व इंजिन यांचे क्रमांक स्वच्छ करावेत, त्यावर कागद धरून पेन्सिल घासावी, आणि उमटलेली छाप आर.सी. बुकाशी अक्षरशः रुजू घालावी. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांची असते व पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते. तेव्हा मुदत केव्हा सरली आणि कर किती थकला, याची आर.टी.ओ. कचेरीत खातरजमा करून मगच किमतीची बोलणी करावीत. मूळ मालक हयात नसेल तर गाडी प्रथम वारसाच्या नावे चढवून मग आपल्या नावे करून घ्यावी. आणि आमचा तालुका सरहद्दीचा असल्यामुळे पुष्कळ गाड्या कर्नाटकातल्या नोंदणीच्या निघतात, त्यांना मूळ कचेरीचा ना-हरकत दाखला आणल्यावाचून गत्यंतर नाही. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली आहे खरी, पण त्या क्रमांकावर गाडी नित्याच्या वापरात आणता येत नाही. ज्याला गाडीवरून शेतावर जायचे आहे, त्याच्या ही नोंदणी उपयोगाची नाही.

आता इंजिनाकडे वळू. येथील राजवाड्यातील शस्त्रागार ज्याने पाहिले आहे, त्याला आमच्या कोरड्या हवेत लोखंड किती टिकते हे सांगावयास नको. कोकणातील दोन पावसाळे जी हानी करतील, ती येथे दहा वर्षांतही होत नाही. या हवेत रबर मात्र टणक होऊन तडकते, आणि टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाऊन त्याचा चिकट, पिवळा राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. माझ्या गाडीचा पेट्रोल कॉक उघडाच राहिला होता, त्यामुळे फ्लोटची वाटी त्या राळेने पार भरून गेली होती. पिस्टनही जाम. अशा वेळी चार जण हमखास जमतात आणि 'ढकला, सुरू होईल' असा सल्ला देतात. तो कदापि मानू नये, कारण गंजाने धरलेल्या रिंगा बळाने ओढल्या की तुटतात आणि सिलिंडरच्या भिंतीवर कायमचे ओरखडे उठतात. आम्ही प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल यांचे मिश्रण सोडले, आठ दिवस थांबलो, मग गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागचे चाक हाताने बोटभर पुढे, बोटभर मागे, असे करीत राहिलो. चौथ्या संध्याकाळी पिस्टन सुटला.

क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑईल सीले, ती वरून चांगली दिसोत वा न दिसोत, बदलावीतच. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्येच ओढले जाते, आणि कडक झालेल्या सीलातून फाजील हवा आत शिरली की मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते व पिस्टन पुन्हा धरतो. ब्रेक शू, टायर-ट्यूब, वायरिंग यांतही काटकसर करू नये.

रंगाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. टाकीवर, गुडघे घासून घासून जेथे मूळ रंग गेला होता, तेथे मी ब्रश लावू दिला नाही. केवळ आतला गंज, मूठभर नट टाकून टाकी हलवीत, काढला. नव्या रंगाने गाडी अधिक देखणी झाली असती, परंतु ते गुडघे कोणाचे होते हे पुसून टाकण्याचा अधिकार मला खरेदीखताने मिळाला आहे, असे मला वाटले नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा ती दाखवण्यास मी त्याच वाड्यात गेलो. निळ्या धुराने देवडी भरली, आणि तो दुहेरी आवाज ऐकून आजी आतून लगबगीने बाहेर आल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी इंजिन बंद करून उतरलो, तेव्हा वाकून टाकीखाली बोट दाखवीत म्हणाल्या, "तो कॉक बंद कर बाळा. ह्यांना कधी आठवायचं नाही."