मालकी शेतकऱ्याची, राखण नदीची

शहरातील नळाला येणाऱ्या पाण्याची प्रत जलशुद्धीकरण केंद्रात ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी ठरते ती कित्येक मैल वरच्या अंगाला, ओढ्याकाठच्या शेतांत आणि रानांत. तेथे बांधकामे झाली की पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याऐवजी माती आणि घाण घेऊन थेट नदीत उतरते. पण ही जमीन खासगी मालकीची असते. मग नदीसाठी ती राखायची कोणी आणि कशी? अमेरिकेतील ब्रँडीवाइन नदीच्या खोऱ्यात या प्रश्नाचे एक उत्तर अर्धशतकाहून अधिक काळ आजमावले जात आहे.

ब्रँडीवाइन पेनसिल्व्हेनिया राज्यात उगम पावते आणि डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे ख्रिस्तीना नदीला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३२५ चौरस मैलांचे आहे. विल्मिंग्टनची तहान याच नदीवर भागते. मात्र पाणलोटाचा बहुतांश भाग शेजारच्या राज्यात असल्याने तेथे या शहराचा अधिकार चालत नाही.

साठच्या दशकात नदीच्या पूर्वेकडील शाखेच्या वरच्या भागासाठी तज्ज्ञांनी एक आराखडा तयार केला होता. ओढ्यांलगत आणि उतारांवर बांधकामाला मर्यादा घालून जमीनमालकांना मोबदला द्यावा, अशी कल्पना होती. त्यात सुरुवातीला सक्तीने हक्क संपादन करण्याचीही तरतूद होती. विरोधानंतर ती वगळण्यात आली. पण रहिवाशांच्या मनातील संशय गेला नाही आणि १९६८ मध्ये आराखडा बारगळला.

त्याच सुमारास खालच्या भागात वेगळी वाट शोधली जात होती. चॅड्स फोर्ड येथील पूरमैदानात उद्योग येण्याची चिन्हे दिसताच काही स्थानिक रहिवाशांनी ती जमीन विकत घेतली आणि १९६७ मध्ये ‘ब्रँडीवाइन कॉन्झर्व्हन्सी’ हा भूमी न्यास स्थापन केला. परंतु संपूर्ण खोरे विकत घेणे कोणत्याही न्यासाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून ‘कॉन्झर्व्हेशन ईझमेंट’ या करारावर भर देण्यात आला. १९६९ मधील पहिल्या करारांनी नदीकाठचा साडेपाच मैलांहून अधिक पट्टा सुरक्षित झाला.

या करारात जमीन मालकाकडेच राहते. तो ती कसू शकतो, विकू शकतो, वारसांना देऊ शकतो. सोडतो तो फक्त तिचे भूखंड पाडण्याचा आणि ठरावीक मर्यादेपलीकडे बांधकाम करण्याचा हक्क. आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’ची कायमची नोंद व्हावी, तसे हे बंधन पुढील प्रत्येक मालकावर लागू राहते. अटी पाळल्या जातात की नाही, यावर न्यास देखरेख ठेवतो. करार दान म्हणून केल्यास मालकाला प्राप्तिकरात सवलत मिळते.

१९८४ मध्ये टेक्सासच्या ‘किंग रँच’ची या खोऱ्यातील पाच हजार एकरांहून अधिक जमीन विक्रीस निघाली, तेव्हा न्यासाने खरेदीदारांना एकत्र आणून ती अशाच बंधनांसह विकली जाईल, अशी व्यवस्था केली. न्यासाच्या प्रयत्नांतून आजवर ७० हजार एकरांहून अधिक जमीन राखली गेली आहे.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सारे काही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असल्याने संरक्षण तुकड्यातुकड्यांत होते. करसवलतीचा लाभ अधिक उत्पन्न असलेल्यांना अधिक होतो. शिवाय निसर्गाचा तडाखा मोठा असेल, तर राखलेली जमीनही पुरी पडत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाच्या अवशेषांमुळे ब्रँडीवाइनला विक्रमी पूर आला आणि न्यासाच्याच चॅड्स फोर्ड येथील परिसरात पाणी शिरले.

आपल्याकडेही १८८२ पासून ईझमेंट कायदा आहे. मात्र त्यातील हक्क, मग तो वाटेचा असो वा पाण्याचा, एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर मिळतो. स्वतःची जमीन नसलेल्या न्यासाला केवळ नदीच्या हितासाठी असा हक्क धारण करण्याची सोय त्यात नाही. ब्रँडीवाइनचा अनुभव एवढेच सांगतो, की संपादन आणि मोकळीक यांच्यामध्ये तिसराही मार्ग असू शकतो. तो खुला करायचा, तर आधी कायद्यात जागा करावी लागेल.