एका मतानं काय फरक पडतो, राव?

मतदानाची सुट्टी आली की कट्ट्यावर हा डायलॉग ठरलेला. "आपल्या एका मतानं काय होतंय? मस्त झोप काढू." ठीक आहे, पण आधी आपल्या नांदेडचा एक हिशोब बघा.

खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक लागली. 20 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेसोबतच मतदान झालं. काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांना 5,86,788 मतं पडली, भाजपचे संतुकराव हंबर्डे यांना 5,85,331. फरक 1,457 मतांचा! मतदान केंद्रं साधारण दोन हजार. म्हणजे केंद्रामागे एक मतसुद्धा नाही. विजेत्याच्या मतदारांपैकी 729 जणांनी समोरच्याचं बटण दाबलं असतं, तर खासदार दुसरा असता.

गंमत म्हणजे, त्याच दिवशी या मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीनं जिंकल्या. कितीतरी लोकांनी एकाच खोलीत, दोन मशीनवर, दोन वेगळ्या पक्षांची बटणं दाबली. ते विचार करूनच आले होते.

त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिममध्ये लोकसभेचा निकाल 48 मतांनी लागला, तर मालेगाव मध्यमध्ये विधानसभेचा 162 मतांनी. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत तर एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरला.

आता तुम्ही म्हणाल, असं रोज थोडंच घडतं? बरोबर आहे. 2024 ला लातूर लोकसभा डॉ. शिवाजी काळगे यांनी 61 हजारांहून जास्त मतांनी जिंकली. तिथं तुम्ही एकटे घरी बसला असता, तरी निकाल तोच लागला असता.

पण त्याच लोकसभा मतदारसंघातल्या लातूर ग्रामीणचं बघा. 2019 ला धीरज देशमुख तिथून लाखाच्या वर मताधिक्यानं आमदार झाले. दुसऱ्या नंबरवर कोण? नोटा! 27 हजारांहून जास्त मतं. अशी जागा कायमची सेफ वाटते ना? पाचच वर्षांत तेच देशमुख साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरले.

शिवाय निकालानंतर कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, याचा तक्ता जाहीर होतो. उमेदवार तो बारकाईनं वाचतात. तुमच्या गावच्या केंद्रावर पोरं आलीच नाहीत, तर वसतिगृह, एसटीची फेरी, रखडलेली भरती हे विषय पुढच्या प्रचारात कोण कशाला काढेल?

खरी अडचण वेगळीच आहे. नाव गावच्या यादीत आणि तुम्ही पुण्यात किंवा संभाजीनगरात रूमवर. ऐनवेळी गाडीला जागा नसते. त्यावर उपाय आहे. शिकायला राहता तिथं नाव हलवायचं असेल, तर फॉर्म 8 भरा. नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल, तर फॉर्म 6. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. दोन्ही कामं ऑनलाइन होतात. पण एक लक्षात ठेवा, निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ केली तर नाव यादीत येईलच असं नाही.

तेव्हा आज रात्री रील बघायच्या आधी दोन मिनिटं काढा आणि यादीत तुमचं नाव आहे का, तेवढं तपासा.