स्पर्शाची कबुली : तालुकास्तरीय कबड्डीतील न्याय्य खेळ व नियमपालनाची व्यवस्था

प्रस्तावना

चढाई करणाऱ्याच्या बोटांचे टोक बचाव करणाऱ्याच्या खांद्याला निसटते लागले की नाही, हे पुष्कळदा त्या दोघांनाच ठाऊक असते. कबड्डीतील बहुतेक वाद या क्षणातून उद्भवतात. तालुका पातळीवरील मैदानावर चित्रीकरण पाहून निर्णय तपासण्याची सोय नसते. निर्णय पंचाच्या नजरेवर आणि खेळाडूच्या कबुलीवर अवलंबून असतो.

या निर्णयाचे मोल लहान नाही. देऊळगाव राजा येथील शालेय संघाची वाटचाल तालुका, बुलडाणा जिल्हा, अमरावती विभाग आणि राज्य अशा क्रमाने होते. १४, १७ व १९ वर्षांखालील गटांतील या स्पर्धा बाद पद्धतीने घेतल्या गेल्यास एका गुणाने हरलेल्या संघाचे ते वर्ष तेथेच संपते. राज्य शासनाच्या सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्याने वरच्या स्तरावरील प्रमाणपत्रास उपजीविकेचेही मूल्य प्राप्त झाले आहे. अशा स्थितीत केवळ खिलाडूवृत्तीचा उपदेश पुरेसा ठरतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कबुलीवर उभे असलेले खेळ

काही आधुनिक खेळ संपूर्णतः कबुलीवरच चालतात. एअरसॉफ्ट या खेळात प्रतिकृती बंदुकीतून साधारणतः ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी सुटते. पेंटबॉलप्रमाणे तिचा रंग अंगावर उमटत नाही. त्यामुळे गोळी लागलेल्या खेळाडूने स्वतः हात वर करून बाहेर जाणे, हाच खेळाचा पाया होय. अल्टिमेट फ्रिस्बी या खेळातही परंपरेने पंच नसतो. खेळाडू आपसांत चर्चा करून नियमभंगाचा निर्णय घेतात. मात्र या खेळांतही नियम आधी समजावून सांगणे, शंका मांडण्याची रीत ठरविणे आणि वारंवार लबाडी करणाऱ्यास दूर ठेवणे, ही व्यवस्था संयोजकांना करावीच लागते. तात्पर्य, जेथे पंच नाही तेथेही व्यवस्था असतेच.

प्रामाणिकपणाची किंमत

कबड्डीचे जुने प्रकार या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘अमर’ प्रकारात स्पर्श झालेला खेळाडू मैदानातच राहतो व प्रतिपक्षास गुण मिळतो. ‘संजीवनी’ प्रकारात बाद झालेला खेळाडू प्रतिपक्षाचा गडी बाद झाल्यावर परत येतो. ‘गामिनी’ प्रकारात मात्र संपूर्ण संघ बाद होईपर्यंत त्यास बाहेरच बसावे लागते. म्हणजेच ‘स्पर्श झाला’ असे मान्य करण्याची किंमत अमरमध्ये सर्वांत कमी व गामिनीमध्ये सर्वांत जास्त आहे. कबुलीची किंमत जितकी अधिक, तितका लपविण्याचा मोह अधिक. आजची कबड्डी संजीवनीच्या वळणाची असल्याने बाद झालेल्यास परतीची आशा असते. खेळाडूचा स्वभाव तोच असला तरी नियमांच्या रचनेनुसार त्याच्या वर्तनात फरक पडू शकतो, हे यावरून लक्षात येते.

नियमांचे एकीकरण हाही याच प्रयत्नाचा भाग होता. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम प्रसिद्ध केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डीचा आशियाई क्रीडा स्पर्धेत समावेश झाला.

नियम लिहिलेला असूनही

तथापि नियम लिखित असणे पुरेसे नाही, हे हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी दिसून आले. भारत व इराण यांच्यातील पुरुषांच्या अंतिम सामन्यात गुणसंख्या २८-२८ असताना भारताचा चढाईपटू कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजेच लॉबीत गेला आणि बचाव करणारे त्याच्यामागे तेथे शिरले. अशा वेळी केवळ चढाईपटू बाद की आत शिरलेले सर्वच बाद, याविषयी जुना व नवा नियम यांचे भिन्न अर्थ लावले गेले. निर्णय बदलत गेले, खेळाडू मैदानात बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. तेथे कॅमेरे होते, अनुभवी पंच होते. नव्हते ते नियमाच्या अर्थाविषयीचे पूर्वमान्य एकमत.

तालुका पातळीवर करावयाची व्यवस्था

वरील विवेचनावरून पुढील उपाय सुचविता येतात.

१) सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांसमक्ष राखीव क्षेत्र, बोनस रेषा व दम यांविषयीचे नियम वाचून दाखवावेत. कोणती नियमावली लागू आहे, हे लिहून त्यावर उभयतांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात.

२) मुख्य पंच, दोन पंच, गुणलेखक व दोन सहायक गुणलेखक ही रचना शक्य तितकी पाळावी. सहभागी शाळेच्या शिक्षकाने स्वतःच्या शाळेच्या सामन्यात पंच होऊ नये. लहान तालुक्यात सर्व परिचित असल्यामुळे हे अवघड असले, तरी त्याच कारणाने ते अधिक आवश्यक आहे.

३) आक्षेप केवळ कर्णधाराने घ्यावा. मुख्य पंचाने दोन्ही पंचांशी विचारविनिमय करून पुढील चढाईपूर्वी निर्णय द्यावा; त्यानंतर तो बदलू नये.

४) गैरवर्तनास हिरवे, पिवळे व लाल कार्ड या चढत्या क्रमाने शिक्षा द्यावी आणि तिची नोंद गुणपत्रिकेत ठेवावी.

५) वयाचे दाखले स्पर्धेच्या सोडतीपूर्वी तपासावेत, पराभवानंतर घेतलेला वयाचा आक्षेप कटुताच वाढवितो.

६) स्वतःहून बाद मान्य करणाऱ्या खेळाडूचा बक्षीस समारंभात उल्लेख करावा. त्यासाठी गुण मात्र देऊ नयेत. अन्यथा कबुलीही डावपेच बनेल.

समारोप

एका संघाने खरे बोलावे आणि दुसऱ्याने लपवावे, अशी स्थिती राहिल्यास प्रामाणिक संघच शिक्षा भोगतो. मग पुढील वर्षी तोही लपविण्यास शिकतो. म्हणून पंचांची तटस्थता ही खेळाडूंच्या प्रामाणिकपणावरील अविश्वासाची खूण नसून त्याचे संरक्षण आहे. खरे बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही एवढी हमी संयोजकांनी दिली, तर स्पर्शाची कबुली देणारे हात तालुक्याच्या मैदानावरही वर होतील.