पोटदुखीचे मूळ

ज्याचे पोट कधीच दुखले नाही, असा मनुष्य विरळाच. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर आडवा हात मारला, तर रात्री पोट तक्रार करणारच. पण एका दिवसाच्या लंघनाने ते ताळ्यावर येते. काहींची पोटदुखी मात्र पुनःपुन्हा उद्भवते. ओव्याची चिमूट किंवा औषधाची गोळी घेतली, की कळ थांबते आणि आठवड्याभरात परत येते. याचे कारण उघड आहे. कळ शमते, पण तिचे मूळ आत तसेच राहते.

अन्नपचनासाठी आपल्या जठरात तीव्र आम्ल पाझरत असते. त्याने जठराचे अस्तर भाजून निघू नये, म्हणून निसर्गाने त्यावर बुळबुळीत द्रवाचा लेप दिला आहे. हा लेप दुबळा झाला, की आम्ल अस्तरास झोंबू लागते आणि तेथे व्रण पडतो. विसाव्या शतकात बहुतेक डॉक्टर असे मानीत, की चिंता, तिखट अन्न आणि वाढलेले आम्ल यांमुळेच हा व्रण होतो. म्हणून ते रोग्यास विश्रांती, सौम्य आहार व आम्ल शमविणारी औषधे देत. रोग्यास बरे वाटे. पण औषध थांबले, की बहुधा व्रण पुन्हा डोके वर काढी.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन हे डॉक्टर जठराच्या अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यांना त्यावर वाकडेतिकडे जंतू दिसले. जठरातील आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे त्यांचे म्हणणे फारसे कोणास पटेना. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत हे जंतू वाढविण्याचे त्यांचे प्रयत्न वारंवार फसले. दोन दिवसांत वाढ दिसली नाही, की काचेच्या बश्या टाकून देण्यात येत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या अधिक दिवस तशाच राहिल्या, आणि पाहतात तो त्यांत जंतू वाढलेले! हे जंतू आपल्याभोवती अमोनिया निर्माण करून आम्लाची धार बोथट करतात, हेही पुढे कळले.

तरीही शंका फिटेनात. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच प्राशन केले! थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व वांत्या होऊ लागल्या आणि तपासणीत जठराला सूज आढळली. असे धाडस कोणी करू नये. पण त्यामुळे जगाचे लक्ष या जंतूंकडे वेधले. आता असा व्रण योग्य औषधांनी साधारणतः दोन आठवड्यांत जंतू नष्ट करून बरा करता येतो. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र प्रत्येक पोटदुखी जंतूंमुळेच होते, असे नव्हे. कोणास दूध पचत नाही. कोणाच्या पोटात जंत असतात. कोणास बद्धकोष्ठ असतो. कोणी सकाळी उपाशी शाळेत जातो, तर कोणाच्या पोटात परीक्षेच्या भीतीनेच गोळा येतो. वेदनाशामक गोळ्या वरचेवर घेतल्यानेही जठरास इजा होते. म्हणून पोट केव्हा दुखले, त्यापूर्वी काय खाल्ले आणि शौचास साफ झाले की नाही, याची नोंद वहीत ठेवावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, स्वच्छ पाणी प्यावे, वेळेवर व सावकाश चावून जेवावे. वांतीत रक्त दिसले, शौच काळे झाले, वजन घटू लागले किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होऊ लागली, तर घरच्या उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. दुखणे लाजेने लपवू नये. आईवडिलांना वेळीच सांगावे.

तण वरवर कापले, तर ते पुन्हा उगवते. मुळासकट उपटले, तरच शेत स्वच्छ होते. रोगाचेही तसेच आहे.