संशोधन निबंध (अमेरिकी हायस्कूल)

संशोधन निबंध हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हायस्कूलच्या (सामान्यतः इयत्ता ९ वी ते १२ वी) इंग्रजी विषयातील एक लेखनप्रकार आहे. यात विद्यार्थी एखादा प्रश्न निवडतो, त्यासंबंधीचे मुद्रित व डिजिटल स्रोत तपासतो आणि पुराव्यांच्या आधारे आपले प्रतिपादन मांडतो. वाङ्मयीन संज्ञा, व्याकरण आणि संदर्भलेखन या एरवी स्वतंत्रपणे शिकवल्या जाणाऱ्या घटकांचा येथे एकत्रित उपयोग होतो.

अभ्यासक्रमातील स्थान

अमेरिकेत शालेय शिक्षण हा प्रामुख्याने राज्यांचा विषय असल्यामुळे संपूर्ण देशाला लागू असा एकच अभ्यासक्रम नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कॉमन कोअर’ मानके ४० हून अधिक राज्यांनी स्वीकारली. पुढे काही राज्यांनी ती बदलली किंवा रद्द केली. या मानकांत इंग्रजी विषयाचे वाचन, लेखन, भाषण-श्रवण आणि भाषा असे विभाग असून अल्प व दीर्घ मुदतीचे संशोधन प्रकल्प लेखन विभागात येतात. कॉलेज बोर्डाच्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ इंग्रजी भाषा व रचना या परीक्षेत २००७ पासून दिलेल्या स्रोतांपैकी किमान तीन वापरून निबंध लिहावा लागतो.

प्रतिपादन-वाक्य

निबंधाचा मध्यवर्ती दावा एका वाक्यात, बहुधा प्रस्तावनेच्या अखेरीस मांडला जातो. हा दावा मतभेदास वाव देणारा आणि पुराव्याने सिद्ध करता येण्याजोगा असावा, अशी अपेक्षा असते. उदाहरणार्थ, हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीविषयी ‘तीत वंशभेदाचे चित्रण आहे’ हे विधान कोणीही नाकारणार नाही. म्हणून ते प्रतिपादन ठरत नाही. ‘बालपणीच्या नजरेतून केलेल्या निवेदनामुळे अन्यायाचे स्वरूप निवेदिकेआधी वाचकाच्या लक्षात येते’ हे विधान मात्र संहितेतील प्रसंगांच्या आधारे सिद्ध करावे लागते.

वाङ्मयीन संज्ञा

वरील प्रतिपादन निवेदक, दृष्टिकोन आणि नाट्यगत उपरोध या संज्ञांवर उभे आहे. प्रतीक, प्रतिमा, रूपक, चेतनगुणोक्ती, विरोधाभास याही संज्ञा अभ्यासल्या जातात. केवळ अलंकार ओळखणे पुरेसे मानले जात नाही; त्यामुळे अर्थावर कोणता परिणाम झाला, हे स्पष्ट करणे आवश्यक असते.

मराठी आणि इंग्रजी संज्ञांचे क्षेत्र नेहमीच समान नसते. मराठी अलंकारविचारात सारखेपणा सांगणारी उपमा आणि ‘जणू’ सारख्या शब्दांनी संभावना व्यक्त करणारी उत्प्रेक्षा हे वेगळे अलंकार आहेत. इंग्रजीत या दोहोंची अनेक उदाहरणे ‘सिमिली’ या एकाच संज्ञेखाली येतात. ‘मेटाफर’ ही संज्ञाही मराठीतील ‘रूपक’ अलंकारापेक्षा व्यापक अर्थाने वापरली जाते.

व्याकरण

उजळणीत प्रामुख्याने अपूर्ण वाक्ये, केवळ स्वल्पविरामाने जोडलेली स्वतंत्र वाक्ये, सर्वनामाचा अस्पष्ट निर्देश आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ यांवर भर असतो. ‘पाऊस आला, शाळा सुटली’ अशी रचना मराठीत स्वाभाविक वाटते. औपचारिक इंग्रजीत मात्र अशा दोन वाक्यांमध्ये उभयान्वयी अव्यय, अर्धविराम किंवा पूर्णविराम अपेक्षित असतो. ‘मुलीने आंबा खाल्ला’ या मराठी वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तर इंग्रजीत ते कर्त्याशी मेळ राखते. साहित्यकृतीतील घटना सांगताना वर्तमानकाळ आणि लेखकाच्या जीवनातील घटनांसाठी भूतकाळ वापरण्याचा संकेत आहे.

संदर्भलेखन

इंग्रजी विषयात सहसा ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ (स्थापना १८८३) या संस्थेची एमएलए शैली वापरली जाते. संस्थेची पहिली लेखनपत्रिका १९५१ मध्ये, हस्तपुस्तिका १९७७ मध्ये आणि तिची नववी आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. या शैलीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव व पृष्ठक्रमांक दिला जातो. दोहोंमध्ये स्वल्पविराम नसतो. अखेरीस उद्धृत साहित्याची वर्णानुक्रमे सूची असते. चार ओळींहून मोठे गद्य अवतरण अवतरणचिन्हांशिवाय, समास सोडून स्वतंत्र परिच्छेदात देतात.

इतरांचे शब्द वा विचार श्रेय न देता वापरणे हे वाङ्मयचौर्य समजले जाते. शब्द बदलून लिहिलेल्या मजकुरालाही संदर्भ द्यावा लागतो, कारण शब्द विद्यार्थ्याचे असले तरी विचार दुसऱ्याचा असतो. मूळ वाक्यरचना तशीच ठेवून केवळ समानार्थी शब्द घालणेही दोषास्पद ठरते. सर्वज्ञात माहितीसाठी संदर्भाची गरज नसते.

टीका आणि पर्याय

व्याकरण स्वतंत्रपणे शिकवल्याने लेखन सुधारते का, हा जुना वाद आहे. रिचर्ड ब्रॅडॉक, रिचर्ड लॉइड-जोन्स आणि लोवेल शोअर यांच्या १९६३ च्या अहवालाने औपचारिक व्याकरण-अध्यापनाचा लेखनसुधारणेवरील परिणाम नगण्य, प्रसंगी हानिकारकही असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मसुद्यातूनच व्याकरण शिकवावे, या मताला बळ मिळाले.

संशोधन निबंधाच्या स्वरूपावरही आक्षेप घेतले गेले. रिचर्ड लार्सन यांनी १९८२ मध्ये असे मांडले की संशोधन ही अनेक प्रकारच्या लेखनात उपयोगी पडणारी कृती आहे. तिच्यावरून एक वेगळा लेखनप्रकार कल्पिणे योग्य नाही. केन मॅक्रोरी यांनी ‘आय-सर्च’ निबंधाचा पर्याय सुचवला. त्यात विद्यार्थी स्वतःला खरोखर पडलेला प्रश्न घेतो आणि शोध कसा घेतला, याचा वृत्तान्त प्रथमपुरुषात लिहितो. उसन्या मतांची जुळवाजुळव टाळून जिज्ञासेला महत्त्व देणे, हा या पर्यायाचा हेतू होता.